रुडॉल्फ डिझेल: ज्याच्या इंजिनाला क्लचही तगडाच लागतो

डिझेल हे तेलाचं नाव, असंच आपल्याला वाटतं. पण ते एका माणसाचं आडनाव आहे. त्याची गोष्ट नीट कळली की एक व्यवहारी प्रश्नही सुटतो: ट्रेलर ओढणाऱ्या किंवा बंद पडलेल्या गाड्या टोचन करणाऱ्या डिझेल ट्रकचा क्लच गेला, तर नवा कोणता घ्यायचा?

पॅरिसमधला जर्मन मुलगा

रुडॉल्फचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये झाला. आई-वडील जर्मन, वडिलांचा चामडी वस्तू बनवण्याचा धंदा. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटलं आणि जर्मन कुटुंबांना फ्रान्स सोडावं लागलं. डिझेल कुटुंब लंडनला गेलं. घरी पैशांची ओढाताण होती, म्हणून बारा वर्षांच्या रुडॉल्फला जर्मनीतल्या आउग्सबुर्गला नातेवाइकांकडे पाठवलं गेलं. तिथे तो अभ्यासात चमकला आणि पुढे म्युनिकला इंजिनिअरिंग शिकला. त्याचे प्राध्यापक होते कार्ल फॉन लिंडे, म्हणजे शीतयंत्रांच्या शोधात मोठं नाव असलेला माणूस. १८८० मध्ये रुडॉल्फ उत्तम गुणांनी पास झाला आणि लिंडे यांच्याच बर्फ बनवणाऱ्या यंत्रांच्या कामाला लागला.

वर्गात शिकलेली एक गोष्ट मात्र त्याच्या डोक्यातून जाईना. त्या काळचं वाफेचं इंजिन कोळशाच्या उष्णतेपैकी दहा टक्क्यांच्या आसपासच कामाला लावायचं. बाकी सगळी वाया.

हवा दाबा, ठिणगी नकोच

त्याचा विचार असा: सिलिंडरमधली हवा इतकी दाबायची की ती दाबानेच तापेल. मग त्यात इंधन सोडलं की ते आपोआप पेटेल, स्पार्क प्लग लागणारच नाही. १८९२ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला, १८९३ मध्ये पेटंट मिळालं. आउग्सबुर्गच्या यंत्र कारखान्याने त्याला जागा आणि माणसं दिली. हीच कंपनी पुढे मॅन म्हणून ओळखली गेली.

ऑगस्ट १८९३ मधल्या पहिल्या चाचणीत स्फोट झाला आणि दाब मोजणारं उपकरण फुटून उडालं. फेब्रुवारी १८९४ मध्ये इंजिन स्वतःच्या जोरावर जेमतेम एक मिनिट चाललं. आणखी तीन वर्षं खटपट झाली. अखेर फेब्रुवारी १८९७ मध्ये प्राध्यापक मोरिट्झ श्रोटर यांनी अधिकृत चाचणी घेतली. निकाल आला २६.२ टक्के कार्यक्षमता. म्हणजे शंभर रुपयांच्या इंधनातले सव्वीस रुपये कामाला लागले. त्या काळात हा आकडा थक्क करणारा होता.

त्या इंजिनातली खरी गंमत

हे इंजिन मिनिटाला १५४ फेरे घेऊन सुमारे १८ हॉर्सपॉवर देत होतं. तुमच्या ओळखीतल्या एखाद्या २०० सीसी बाईकइतकीच पॉवर! मग फरक कुठे? टॉर्कमध्ये, म्हणजे फिरवण्याच्या ताकदीत. बाईकचं इंजिन तेवढी पॉवर साधारण ८,५०० आरपीएमला देतं, तेव्हा त्याचा टॉर्क १५ न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. डिझेलच्या इंजिनाचा हिशोब मांडला तर तो ८०० न्यूटन-मीटरच्या वर जातो.

कमी फेऱ्यांत जास्त ताकद, हा डिझेल इंजिनाचा स्वभाव आजही तसाच आहे. क्लचलाही हॉर्सपॉवर नाही, हा टॉर्क पेलायचा असतो.

ट्रक येण्याआधीच तो गेला

१९०० च्या पॅरिस प्रदर्शनात या इंजिनाला सर्वोच्च पारितोषिक मिळालं. कारखाने आणि जहाजांनी ते उचललं. पण इंधन आत ढकलायला तेव्हा दाबलेली हवा लागायची आणि तिचा कंप्रेसर अवजड होता, त्यामुळे ते ट्रकमध्ये बसवणं अवघड होतं. डिझेलची तब्येत ढासळली आणि गुंतवणुकीत पैसेही बुडाले. २९ सप्टेंबर १९१३ रोजी तो अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या ड्रेस्डेन बोटीवर चढला. सकाळी त्याची केबिन रिकामी होती. काही दिवसांनी समुद्रात सापडलेल्या मृतदेहाजवळच्या वस्तू त्याच्या मुलाने ओळखल्या. आत्महत्या, अपघात की आणखी काही, हे आजवर ठरलेलं नाही. तो ५५ वर्षांचा होता.

त्यानंतर दहा-अकरा वर्षांनी, १९२३-२४ च्या सुमारास, बेंझ आणि मॅन यांनी डिझेल ट्रक तयार केले. आता इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये क्लच आला.

मग क्लच निवडायचा कसा?

जड ट्रेलर घेऊन सुटताना इंजिन फिरत असतं आणि चाकं थांबलेली असतात. दोन्हींचा वेग जुळेपर्यंत क्लच प्लेट घासते आणि तापते. म्हणून दोनच गोष्टी बघायच्या: टॉर्क आणि उष्णता.

* टॉर्क: तुमच्या इंजिनाचा कमाल टॉर्क पाहा आणि त्याहून थोडी जास्त क्षमता असलेला क्लच घ्या. इंजिन रिमॅप केलं असेल तर कंपनीचा जुना आकडा धरू नका.
* प्लेटचं अस्तर: ऑरगॅनिक अस्तर मऊ पकडतं, रोजच्या आणि मध्यम ओझ्याच्या कामाला बरं. पण खूप तापलं की त्याची पकड सुटते. सिरॅमिक जास्त उष्णता सोसतं, मात्र गाडी धक्क्याने सुटते आणि ट्रेलर मागे घेताना त्रास होतो.
* दोन प्लेटचा क्लच: घासणारे पृष्ठभाग दोनाचे चार होतात, त्यामुळे तेवढ्याच दाबात जवळपास दुप्पट टॉर्क पेलतो. एका प्लेटवर कडक स्प्रिंग लावली तर पेडल जड होतं आणि ट्रॅफिकमध्ये पाय दुखतो. दोन प्लेटचा क्लच महाग असतो, पण कायम जड ओढणाऱ्याला परवडतो.
* फ्लायव्हील: डिझेलचे झटके जोरदार असतात. ड्युअल मास फ्लायव्हील ते शोषतं. साधं अखंड फ्लायव्हील टिकाऊ असतं, पण गिअरबॉक्सचा खडखडाट वाढू शकतो.

प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच बदला. गिअरबॉक्स उतरवायची मजुरी पुन्हा भरायला नको. फ्लायव्हीलचा पृष्ठभागही तपासून घ्या. आणि नव्या क्लचवर कंपनीने सांगितलेलं अंतर होईपर्यंत जड ओझं ओढू नका.

चढावर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर आरपीएम वाढतो पण स्पीड वाढत नाही? जळका वास येतो? तर क्लच स्लिप होतोय. उष्णतेतून जास्तीत जास्त काम काढण्यात डिझेलने आयुष्य घातलं. स्लिप होणारा क्लच तेच काम पुन्हा उष्णतेत घालवतो आणि ती तुमच्या डिझेलच्या बिलातून जाते.