कावसजीचं नवं नाक जगलं कसं?

प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात एक चित्र हमखास दिसतं. कपाळावर मोठा व्रण आणि खाली नवं नाक. हा माणूस म्हणजे कावसजी.

नाव पारशी वाटतं, पण जुन्या नोंदीनुसार तो शेतकरी जातीचा मराठा. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकायचा. १७९२च्या लढाईत टिपूच्या हाती सापडला आणि नाक व एक हात गमावून बसला. तशाच अवस्थेत तो श्रीरंगपट्टणजवळ मुंबईच्या फौजेत परतला. पुढे कंपनीने पेन्शन दिलं, पण वर्षभराहून जास्त काळ तो नाकाविना जगला. आपल्याकडे नाक कापलं जाणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

मग पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीतला एक कारागीर भेटला. त्याची पद्धत अशी : नाकाच्या मापाचा मेणाचा पातळ तुकडा कपाळावर सपाट ठेवायचा, त्याभोवती रेघ मारायची आणि तेवढी कातडी सोडवायची. फक्त दोन डोळ्यांच्या मधली एक पट्टी तोडायची नाही. मग कातडी फिरवून नाकाच्या जागी बसवायची, वर काताचा लेप लावलेलं कापड. चार दिवसांनी तुपात भिजवलेलं कापड. साधारण २५व्या दिवशी ती पट्टी कापायची.

सगळी मेख त्या पट्टीत आहे. तिच्यातून नव्या नाकाला रक्त मिळत राहिलं. तेवढ्या दिवसांत जखमेच्या कडांतून केसाहून बारीक नव्या रक्तवाहिन्या आत शिरल्या. पट्टी आधीच तोडली असती, तर नाक काळं पडून झडलं असतं.

आजही अडचण तीच. पोटावरची चरबी काढून चेहऱ्यात भरली, की रक्त न पोचलेला भाग मरतो. चरबीतही मूळपेशी असतात, हे २००१मध्ये संशोधकांनी दाखवलं. या पेशी व्हीईजीएफसारखी प्रथिनं सोडतात आणि त्यामुळे आसपास नव्या रक्तवाहिन्या फुटतात. जखमा भरायला त्यांचा उपयोग करण्यावर संशोधन चालू आहे. (जाहिराती मात्र संशोधनाच्या बऱ्याच पुढे धावतात, तेव्हा जपून.)

कावसजीची हकिगत १७९४मध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या सर्जनने आधी मृतदेहांवर सराव केला आणि १८१४मध्ये लंडनमध्ये असंच नाक बसवलं. छापलेल्या हकिगतीत कावसजीचं नाव आहे, त्या कारागिराचं नाही.