विश्लेषण : तलवारींच्या खेळात किरणांची बंदूक कशी आली? गॅरी गायगॅक्स यांनी नेमके काय केले?

ड्रॅगन, जादूगार आणि तलवारींच्या खेळात यंत्रमानव आणला तर खेळाचा विचका होईल, असे अनेकांना वाटते. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाचे एक जनक गॅरी गायगॅक्स यांनी मात्र १९७६ मध्येच त्यात चक्क अंतराळयान उतरवले.

गायगॅक्स कोण होते?

त्यांचा जन्म १९३८ मध्ये शिकागोत झाला. बालपण विस्कॉन्सिनमधील लेक जिनिव्हा या छोट्या गावात गेले. अद्भुतकथा आणि विज्ञानकथा दोन्हींचे त्यांना वेड होते. १९७० मध्ये विमा कंपनीतील नोकरी गेली. मग घरीच बूट दुरुस्त करून त्यांनी संसाराला हातभार लावला आणि खेळांचे नियम लिहिणे सुरू ठेवले. मिनेसोटाचे डेव्ह अर्नसन यांच्यासह त्यांनी तयार केलेला हा खेळ जानेवारी १९७४ मध्ये बाजारात आला. पहिल्या प्रती होत्या अवघ्या हजार.

खेळ कसा असतो?

एक सूत्रधार गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातील पात्रे होतात. डाव साधला की फसला, हे फासे ठरवतात. गायगॅक्स यांना कुठलीच कल्पना वर्ज्य नव्हती. लोखंड गंजवून खाणारा ‘रस्ट मॉन्स्टर’ त्यांना सुचला तो हाँगकाँगच्या स्वस्त प्लास्टिक खेळण्यावरून.

अंतराळयान कुठून आले?

जेम्स वॉर्ड यांचा अंतराळयानातला नवा खेळ तेव्हा येत होता. त्याची चुणूक दाखवण्यासाठी गायगॅक्स यांनी १९७६ च्या ‘ओरिजिन्स’ मेळाव्यातील स्पर्धेसाठी एक मोहीम रचली. डोंगरातून विचित्र प्राणी बाहेर पडतात. त्यांचा माग काढणारे वीर गुहा समजून आत शिरतात, ते थेट कोसळलेल्या यानात. ‘एक्स्पिडिशन टू द बॅरिअर पीक्स’ या नावाने ही मोहीम १९८० मध्ये प्रसिद्ध झाली.

समतोल कसा राखला?

खरा धोका हाच होता. एका बंदुकीने ड्रॅगन मरू लागला, तर तलवारीला कोण विचारणार? गायगॅक्स यांनी वस्तूंची नावेच सांगितली नाहीत. सूत्रधाराने फक्त चित्र दाखवायचे. दारे उघडणारी रंगीत कार्डे वीरांना नुसते तुकडे वाटतात. वस्तू कशी चालते, हे फाशांवर शोधायचे आणि चुकल्यास इजा व्हायची. शिवाय शस्त्रांतील ऊर्जा मर्यादित. त्यामुळे विज्ञानही जादूइतकेच गूढ राहिले.

पुढे काय झाले?

१९८५ मध्ये कंपनीचा ताबा त्यांच्या हातून गेला आणि पुढच्याच वर्षी ते बाहेर पडले. तरीही त्यांनी नवे खेळ लिहिणे थांबवले नाही. ४ मार्च २००८ रोजी, वयाच्या ६९ व्या वर्षी, लेक जिनिव्हातच त्यांचे निधन झाले. आपल्या मोहिमेत यंत्रमानव आणू पाहणाऱ्या सूत्रधाराला त्यांची युक्ती आजही उपयोगी पडते : वस्तू दाखवा, नाव सांगू नका.