थिओडोर बोव्हेरी : गुणसूत्रांचे कार्य उलगडणारे शास्त्रज्ञ

प्राण्याचे शरीर घडविण्याच्या सूचना पेशीत कोठे असतात, या प्रश्नाचे उत्तर प्रयोगांच्या आधारे शोधणाऱ्यांमध्ये जर्मन प्राणिशास्त्रज्ञ थिओडोर बोव्हेरी यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते.

बोव्हेरी यांचा जन्म १२ ऑक्टोबर १८६२ रोजी बॅम्बर्ग येथे झाला. म्युनिक येथे शिक्षण घेतल्यानंतर १८९३ मध्ये ते वुर्झबर्ग विद्यापीठात प्राध्यापक झाले. अमेरिकन जीवशास्त्रज्ञ मार्सेला ओ'ग्रेडी यांच्याशी १८९७ मध्ये त्यांचा विवाह झाला. पुढे संशोधनातही त्या त्यांच्या सहकारी होत्या.

प्रत्येक गुणसूत्रात सारखाच वारसा असतो, असे त्या काळी अनेक शास्त्रज्ञ मानत. हे मत तपासण्यासाठी बोव्हेरी यांनी इटलीतील नेपल्सच्या किनाऱ्यावर मिळणारा सी अर्चिन हा काटेरी सागरी प्राणी निवडला. त्याची अंडी विपुल मिळतात आणि त्यांची वाढ सूक्ष्मदर्शकाखाली सहज पाहता येते. एका अंड्यात दोन शुक्रपेशी शिरल्या, की ते एकाच वेळी चार पेशींत विभागते आणि गुणसूत्रांची वाटणी असमान होते. बोव्हेरी यांनी अशा पेशी वेगळ्या करून वाढविल्या. प्रत्येकीची वाढ निराळ्या प्रकारे बिघडली. निरोगी वाढीसाठी गुणसूत्रांची केवळ संख्या पुरेशी नसून त्यांचा पूर्ण संच आवश्यक असतो, असा निष्कर्ष त्यांनी १९०२ मध्ये मांडला. अमेरिकेतील वॉल्टर सटन हेही स्वतंत्रपणे याच दिशेने विचार करीत होते. आनुवंशिकतेच्या गुणसूत्र सिद्धांताला आज या दोघांचे नाव आहे.

गुणसूत्रांतील बिघाडातून कर्करोग उद्भवत असावा, असे प्रतिपादन बोव्हेरी यांनी १९१४ मध्ये केले. त्या वेळी त्याची पडताळणी करण्याची साधने उपलब्ध नव्हती. प्रकृती साथ देत नसल्याने बर्लिन येथील नियोजित जीवशास्त्र संस्थेचे संचालकपदही त्यांनी नाकारले होते. पहिले महायुद्ध सुरू असताना १५ ऑक्टोबर १९१५ रोजी, वयाच्या ५३ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांच्या कर्करोगविषयक ग्रंथाचा मार्सेला यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९२९ मध्ये प्रसिद्ध झाला.

सी अर्चिनच्या वाढीचा अभ्यास भारतातही झाला. मद्रास, म्हणजे आजच्या चेन्नई येथील विद्यापीठाचे प्राणिशास्त्रज्ञ आर. गोपाल अय्यर यांनी साल्मासिस बायकलर या उष्ण कटिबंधातील जातीच्या भ्रूणवाढीचा व रूपांतराचा अभ्यास १९३५ मध्ये प्रसिद्ध केला.

कोणते जनुक केव्हा व कोणत्या पेशीत कार्यान्वित होते, याचा सी अर्चिनमधील विस्तृत आराखडा अमेरिकेतील एरिक डेव्हिडसन यांच्या गटाने २००२ मध्ये मांडला. या प्राण्याच्या एका जातीचा जनुकसंच २००६ मध्ये वाचला गेला. त्यात सुमारे २३ हजार जनुके आढळली. बोव्हेरी यांना जनुकांची रचना ठाऊक नव्हती; मात्र त्यांचा शोध कोठे घ्यायचा, हे त्यांच्या प्रयोगांनी दाखवून दिले होते.