विश्लेषण : मोडेमचा वेग ३३.६ वर का अडला? तारेची मर्यादा सांगणारे क्लॉड शॅनन

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले केले, तेव्हा ही सेवा मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नईत सुरू झाली. जळगाव किंवा धुळ्यातून थेट मुंबईला डायल करायचे, तर एसटीडीचे मीटर पळत राही. लाइनमध्ये खरखर आली की वेग पडे किंवा संपर्क तुटे, भुर्दंड ग्राहकाला. या खरखरीचे गणित मात्र १९४८ मध्येच क्लॉड शॅनन यांनी मांडून ठेवले होते.

कोण होते शॅनन?
त्यांचा जन्म ३० एप्रिल १९१६ रोजी अमेरिकेतील मिशिगन राज्यात झाला. गेलॉर्ड या छोट्या गावात असताना त्यांनी कुंपणाच्या काटेरी तारेवरून अर्ध्या मैलावरच्या मित्राच्या घरापर्यंत टेलिग्राफ चालवला. १९३६ मध्ये गणित आणि विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते एमआयटीत गेले. रिलेच्या चालू-बंद स्थितीतून तर्काचे गणित सोडवता येते, हे त्यांनी एकविसाव्या वर्षी प्रबंधात दाखवले. १९४१ मध्ये ते बेल लॅब्जमध्ये रुजू झाले आणि युद्धकाळात गुप्तलेखनावर काम केले.

त्यांनी काय सिद्ध केले?
गोंगाट असेल तर चुका टाळण्यासाठी वेग कमी करत जावे लागते, असा तोवरचा समज होता. शॅनन यांनी दाखवले की प्रत्येक मार्गाला वेगाची एक कमाल मर्यादा असते. ती मार्गाची रुंदी आणि सिग्नल व गोंगाट यांचे प्रमाण यावर ठरते. मर्यादेच्या आत योग्य संकेतरचनेने चुका हव्या तितक्या कमी करता येतात, तिच्यापलीकडे नाही.

मोडेमशी संबंध काय?
साधी फोन लाइन सुमारे ३०० ते ३,४०० हर्ट्झच वाहून नेते. सिग्नल गोंगाटाच्या ३,००० पट धरला, तर मर्यादा सेकंदाला सुमारे ३६,००० बिट येते. म्हणून १९९६ मध्ये मोडेम ३३,६०० वर थांबले. १९९८ चे ५६ हजारांचे मानक नियम मोडत नव्हते. सेवा पुरवठादार एक्स्चेंजला डिजिटल पद्धतीने जोडल्याने रूपांतराचा एक टप्पा आणि त्यातला गोंगाट वाचला, तोही फक्त ग्राहकाकडे येणाऱ्या दिशेने.

जुन्या घरगुती संगणकावर अडचण का येते?
तिथे तार चांगली असूनही संगणक कमी पडतो. अनेक जुन्या संगणकांची सीरियल पोर्ट चिप एकच बाइट धरून ठेवते. प्रोसेसरने तो उचलण्याआधी पुढचा आला, की आधीचा हरवतो. १६ बाइट साठवणारी चिप, मोडेमला थांबायला सांगणाऱ्या स्वतंत्र तारा आणि बिघडलेला भाग पुन्हा मागवणारे व्ही.४२ मानक, या तिघांमुळे जोडणी भरवशाची होते.

पुढे काय झाले?
१९५६ मध्ये शॅनन एमआयटीत परतले. चक्रव्यूहातून वाट शोधणारा यांत्रिक उंदीर त्यांनी त्याआधीच बनवला होता. एकचाकी सायकल आणि चेंडू झेलण्याचा नादही होता. अखेरच्या वर्षांत अल्झायमरने त्यांची स्मृती हिरावली. त्यांचे गणित घराघरांत पोहोचत असताना ते समजण्याच्या स्थितीत ते स्वतः नव्हते. २४ फेब्रुवारी २००१ रोजी त्यांचे निधन झाले. आज टॉवर दूर गेला की स्मार्टफोन वेग कमी करून जोडणी टिकवतो, त्यामागेही हीच मर्यादा आहे.