नेमक्या शब्दाचे धनी : डॉ. बाबासाहेब आंबेडकर

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या जीवनाचे अनेक पैलू आपण दरवर्षी स्मरतो. त्यांच्या इंग्रजी लेखनातील शिस्त मात्र क्वचितच सांगितली जाते. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने ती विशेष मोलाची आहे.

14 एप्रिल 1891 रोजी महू येथे त्यांचा जन्म झाला. इंग्रजीचा पाया घरीच घातला गेला. वडील सुभेदार रामजी सकपाळ यांनी हॉवर्डची इंग्रजी पुस्तके त्यांच्याकडून पाठ करून घेतली व तर्खडकरांच्या पुस्तकांतील भाषांतराचे धडे गिरवून घेतले. मराठी शब्दासाठी नेमका इंग्रजी शब्द शोधण्याची सवय त्यांना अशी बालवयातच लागली. 1913 साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. पुढे लंडनमध्ये रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध परीक्षकांनी फेरलेखनासाठी परत केला. त्यांनी मांडणी सुधारली, पण निष्कर्ष बदलले नाहीत. 1923 साली त्याच प्रबंधावर त्यांना पदवी मिळाली.

1936 साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्षपदासाठी निमंत्रित केले. भाषणाचा मजकूर वाचून मंडळ कचरले आणि काही भाग सौम्य करण्याची मागणी झाली. बाबासाहेबांनी एक स्वल्पविरामही बदलण्यास नकार दिला. परिषद झालीच नाही. तेव्हा त्यांनी ते भाषण स्वतः छापले आणि त्याच्या 1500 प्रती दोन महिन्यांत संपल्या.

1938 साली मुंबई विधानसभेत अस्पृश्यांसाठी कायद्यात हरिजन हा शब्द घालण्याचा प्रश्न आला. बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने त्याला विरोध केला आणि निषेधार्थ सभात्याग केला. नाव गोड झाल्याने पाणवठा खुला होत नाही, हे त्यांनी ओळखले होते. कानाला बरा वाटणारा पण काहीच न देणारा शब्द दुर्बलांच्या हिताचा नसतो.

ही दृष्टी राज्यघटनेच्या कामी आली. 29 ऑगस्ट 1947 रोजी मसुदा समिती नेमली गेली व ते तिचे अध्यक्ष झाले. 4 नोव्हेंबर 1948 रोजी मसुदा मांडताना त्यांनी भारताला राज्यांचा संघ का म्हटले, हे स्पष्ट केले : हा संघ राज्यांच्या आपसांतील करारातून जन्मलेला नाही, म्हणून कोणत्याही राज्याला त्यातून फुटून निघण्याचा अधिकार नाही. एका शब्दाच्या निवडीत देशाची एकता बांधली गेली. 17वे कलम पाहा. अस्पृश्यता वाईट आहे, एवढे म्हणून ते थांबत नाही. ते तिचे उच्चाटन करते, कोणत्याही स्वरूपातील तिचे आचरण निषिद्ध ठरवते आणि त्यातून लादलेली निर्योग्यता हा दंडनीय गुन्हा मानते. सदिच्छेच्या भाषेवर कोणी न्यायालयात जाऊ शकत नाही. या भाषेवर जाऊ शकतो.

आपल्या शहरावरही त्यांचे ऋण आहे. 1950 साली त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने येथे महाविद्यालय सुरू केले. शहागंजच्या गजबजाटातून पश्चिमेकडे थोडे गेले की ते नागसेनवन लागते. मिलिंद महाविद्यालय आणि नागसेनवन ही नावे मिलिंद राजा व भदन्त नागसेन यांच्या संवादाची आठवण देतात. रथ म्हणजे नेमके काय, चाक की आस की जू, असे विचारत नागसेनांनी राजाला शब्दामागचा अर्थ तपासायला लावले होते. भगवान बुद्धांनी सांगितलेल्या सम्यक वाचेतही असत्य, कठोर व वायफळ बोलणे वर्ज्य आहे.

6 डिसेंबर 1956 रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यांचा हा वारसा वसतिगृहातल्या मुलामुलींच्या रोजच्या कामाचा आहे. शिष्यवृत्ती अडली, तर अर्जात केवळ सहानुभूतीची याचना न करता कोणत्या योजनेची, कोणत्या वर्षाची, किती रक्कम, कोणत्या तारखेपासून थकली हे स्वच्छ लिहावे. मराठीत लिहावे वा इंग्रजीत, अर्ज वाचणाऱ्याला टाळाटाळीची जागा राहू नये. आपला हक्क नेमक्या शब्दांत मांडता येणे, हीच बाबासाहेबांना खरी आदरांजली होय.