विषादांतून शांतीकडे : पंडिता रमाबाई यांचें अल्पचरित्र

आपल्या धर्मग्रामाच्या ह्या ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं परमेश्वराचे आभार मानावयास आपण सर्व कांदिवलीकर भाविक एकत्र जमलों आहों. सणाच्या दिवशीं देवळांत वेदी फुलांनीं सजते, गायनाचा घोष होतो, आणि लहानथोरांच्या मुखावर आनंद दिसतो. तथापि ज्याच्या अंतःकरणांत अंधार दाटला आहे असा एखादा जीव त्याच गर्दींत मागल्या बांकावर बसलेला असतो. त्यास अन्न गोड लागत नाहीं, रात्रीं झोंप येत नाहीं, प्रार्थनेसाठीं हात जोडले तरी शब्द फुटत नाहींत. आणि आपली श्रद्धाच उणी, म्हणून देवानें आपल्याला टाकलें, असें तो मनांतल्या मनांत समजूं लागतो. अशा जीवाच्या हातीं आज एका थोर स्त्रीचें चरित्र द्यावें असें वाटतें. त्या आपल्या कॅथलिक पंथांतल्या नव्हत्या. परंतु जें शुभवर्तमान आपण मिस्साबलिदानाच्या वेळीं उभे राहून ऐकतों, त्याच शुभवर्तमानानें त्यांस शोकाच्या गर्तेंतून वर काढलें. पंडिता रमाबाई हें त्यांचें नांव.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रींतल्या गंगामूळ नांवाच्या अरण्यांत झाला. हें स्थळ आज कर्नाटक राज्यांत मोडतें. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान चित्पावन ब्राह्मण होते. स्त्रियांनीं संस्कृत शिकूं नये असा त्या काळचा दंडक असतां त्यांनीं आपली पत्नी लक्ष्मीबाई यांस संस्कृत शिकविलें, आणि लक्ष्मीबाईंनीं तेंच धन आपल्या धाकट्या मुलीच्या पदरांत टाकलें. रमाबाई लहान असतांनाच हें कुटुंब तीर्थयात्रेस निघालें, तें पुढें वर्षानुवर्षें फिरतच राहिलें. पुराण सांगावें, जें मिळेल त्यावर निर्वाह करावा, जवळ असेल तें दानधर्मांत द्यावें, असा त्यांचा क्रम होता. आईच्या तोंडून ऐकून ऐकून मुलीस भागवताचे हजारों श्लोक मुखोद्गत झाले.

पुढें मद्रास इलाख्यांत भयंकर दुष्काळ पडला. दक्षिणा मिळेना, मोलमजुरीची संवय नव्हती, आणि भीक मागण्याची लाज वाटे. होतें नव्हतें तें विकून झालें, व शेवटीं रानचा पाला खाण्याची पाळी आली. इ. स. १८७४ मध्यें वृद्ध व अंध झालेले अनंतशास्त्री वारले. थोड्याच अवधींत आई गेली. मागून वडील बहीण कृष्णाबाई हीही गेली. आईची तिरडी उचलावयास चार माणसें मिळेनात. दोन ब्राह्मणांस दया आली, तिसरे बंधु श्रीनिवास, आणि चौथा खांदा कोवळ्या वयाच्या रमाबाईंचा. उंची कमी पडल्यामुळें त्यांनीं तो भार डोक्यावर वाहिला. त्यानंतर बहीणभाऊ देशभर पायीं भटकले. झेलम नदीच्या कांठीं कडाक्याच्या थंडींत पांघरूण नव्हतें, म्हणून वाळूंत खळगे करून त्यांत निजावें आणि कोरडी वाळू अंगावर ओढून घ्यावी, अशा रात्री त्यांनीं काढल्या. व्रतें, उपवास, दानें सर्व यथासांग करूनही हें असें कां, ह्या प्रश्नाचें उत्तर त्यांस मिळेना. बालपणची श्रद्धा हळूहळू विझत गेली.

इ. स. १८७८ मध्यें तीं दोघें कलकत्त्यास पोहोंचलीं. ह्या तरुण मुलीची विद्वत्ता पाहून तेथील पंडित थक्क झाले, व त्यांनीं तिला पंडिता आणि सरस्वती ह्या पदव्या दिल्या. परंतु मानसन्मानानें दुःखाचें ऋण फिटत नाहीं. १८८० सालीं श्रीनिवास वारले, आणि माहेरचें म्हणावें असें एकही माणूस उरलें नाहीं. त्याच वर्षीं बिपिनबिहारी दास मेधावी ह्या बंगाली वकिलांशीं त्यांचा विवाह झाला, आणि आसामांत सिल्चर येथें त्यांचा संसार सुरू झाला. त्या घरीं पुस्तकें चाळतां चाळतां बंगाली भाषेंतलें एक लहानसें पुस्तक त्यांच्या हातीं लागलें. तें तेथें कोणीं आणून ठेविलें हें त्यांस कधींच कळलें नाहीं. तें संत लूककृत शुभवर्तमान होतें. त्यांनीं तें मोठ्या आवडीनें वाचलें. बीं पडलें तें असें. आणि पडलें तें वादळाच्या आधीं. १८८१ च्या एप्रिलांत कन्या मनोरमा जन्मली, आणि १८८२ च्या फेब्रुवारींत पतीस पटकीनें गांठलें. तेविसाव्या वर्षीं, दहा महिन्यांचें मूल कडेवर घेऊन, रमाबाई विधवा झाल्या.

त्या पुण्यास आल्या, आणि त्याच वर्षीं त्यांनीं आर्य महिला समाज स्थापन केला. मराठींतून नव्या कराराचा अभ्यासही तेथेंच आरंभिला. १८८३ सालीं वैद्यकी शिकण्याच्या हेतूनें त्या मुलीस घेऊन इंग्लंडास गेल्या, व वाँटेज येथील संत मारियेच्या नांवानें चालणाऱ्या अँग्लिकन धर्मभगिनींच्या मठांत उतरल्या. बरोबर आनंदीबाई भगत नांवाची एक मैत्रीण होती. परक्या देशांत तिच्या मनाचा तोल सुटला, आणि थोड्याच महिन्यांत तिनें आपल्या हातानें जीवनयात्रा संपविली. ह्या आघातानें रमाबाई पार खचून गेल्या. ऑक्सफर्डचे प्रख्यात संस्कृतज्ञ माक्स म्युल्लर यांच्या घरीं त्या राहिल्या असतां रात्रीं एकटीनें निजणें त्यांस अशक्य झालें होतें; त्यांच्या खोलींत सोबतीस दररोज एक मोलकरीण निजवावी लागे. त्यांच्या कानांसही बधिरता आली, व वैद्य होण्याचा मनोरथ कायमचा सोडावा लागला.

वाचकहो, येथें क्षणभर थांबावें. जिनें विद्वानांच्या सभा जिंकल्या ती स्त्री रात्रीच्या काळोखास भीत होती, आणि तिला आधार कोणाचा, तर एका अनाम मोलकरणीच्या श्वासोच्छ्वासाचा! विषाद हें अंतःकरणास आलेलें दुखणें आहे. त्यांत पाप नाहीं व लाजही नाहीं. जी मैत्रीण गेली तिचेंही स्मरण आपण दयेनेंच करावें. अशा प्रकारें गेलेल्यांच्या तारणाविषयीं निराश होऊं नये असें आपली ख्रिस्तसभा आज शिकविते, व त्यांच्यासाठीं प्रार्थना करते.

लंडनांत फुलहॅम येथें ह्या धर्मभगिनींचें एक आश्रयस्थान होतें. समाजानें टाकलेल्या स्त्रियांची सेवा तेथें ज्या प्रेमानें होत असे ती पाहून रमाबाईंस मोठें नवल वाटलें. हें प्रेम कोठून येतें, असें त्यांनीं विचारलें, तेव्हां एका धर्मभगिनीनें त्यांस विहिरीवर प्रभूस भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. जो तिरस्कृत स्त्रीपाशीं पाणी मागतो आणि तिला जिवंत पाणी देतो, तोच आपणांस हवा, असें त्यांच्या मनानें घेतलें. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं त्यांनीं मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. मेरी रमा हें त्यांचें बाप्तिस्म्याचें नांव.

कथा येथें संपली असती तर ती सोपी झाली असती. परंतु खरी गोष्ट अशी कीं, बाप्तिस्म्यानंतरही कित्येक वर्षें त्यांच्या मनास स्वस्थता नव्हती. कामांत त्या कोठें कमी पडल्या नाहींत. १८८६ सालीं त्या अमेरिकेस गेल्या, हिंदु स्त्रियांच्या स्थितीविषयीं ग्रंथ लिहिला, आणि परत येऊन ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईंत चौपाटीनजीक विधवांसाठीं शारदासदन उघडलें. आपल्यापैकीं जे रोज आगगाडीनें चर्नीरोडला उतरतात ते त्याच परिसरांतून जातात. पुढच्या वर्षीं सदन पुण्यास गेलें. बाहेरून सर्व यशच यश होतें. आंत मात्र आपल्या अयोग्यतेचा व निराशेचा भार होता. सुमारें १८९१ सालीं शास्त्र वाचतां वाचतां व प्रार्थना करतां करतां त्यांस उमगलें कीं, आपण ख्रिस्ताचा धर्म स्वीकारिला, परंतु खुद्द ख्रिस्ताच्या हातीं आपणांस सोंपविलें नाहीं. तारण आपल्या लायकीचें वेतन नसून पित्यानें दिलेलें दान आहे, हें मनास पटल्यावर तो भार उतरला. सिल्चरला पडलेल्या बीजास अंकुर फुटावयास अशीं दहा वर्षें लागलीं.

त्या शांतीची कसोटी लवकरच लागली. मुलींस ख्रिस्ती करतात असा ओरडा होऊन १८९३ सालीं पुण्यांतल्या प्रतिष्ठित सल्लागारांनीं संबंध सोडला, व पुष्कळ मुली काढून नेल्या गेल्या. रमाबाई डगमगल्या नाहींत. १८९६-९७ सालीं मध्यप्रांतांत दुष्काळ पडला, तेव्हां तर त्यांच्या जुन्या जखमेवरची खपलीच निघाली. आपल्या आईबापांचे उपाशी चेहरे त्यांस त्या लोकांत दिसले. अशा वेळीं दुर्बल मन तोंड फिरवितें. त्या मात्र स्वतः तिकडे गेल्या, व शेंकडों निराधार मुली घेऊन परतल्या. दौंडच्या वाटेवर केडगांव येथें त्यांनीं जमीन घेतलीच होती. तेथें मुक्तिसदन उभें राहिलें. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथें सुमारें दोन हजार जीव राहत होते. आंधळ्यांस ब्रेल लिपि, धडधाकटांस शेती, विणकाम, छपाई असें ज्याला जें जमेल तें शिकविलें जाई. ज्या दुःखानें त्यांस मोडावयाचें, त्यानेंच दुसऱ्यांचें दुःख ओळखण्याची दृष्टि त्यांस दिली. ती संस्था आजही केडगांवीं चालू आहे.

शेवटचें काम शास्त्राचेंच होतें. खेड्यांतल्या साध्या बायकांना कळेल अशा मराठींत बायबल असावें म्हणून त्या उतारवयांत इब्री व ग्रीक भाषा शिकल्या, आणि पंधराहून अधिक वर्षें खपून त्यांनीं संपूर्ण पवित्र शास्त्राचें भाषांतर केलें. मुक्तीच्या छापखान्यांत आश्रमांतल्या स्त्रियाच टाईप जुळवीत. काम अखेरीस येत असतां जुलै १९२१ मध्यें मनोरमा मिरज येथें वारली. चाळीस वर्षांची ती एकुलती कन्या आईचा उजवा हात होती. पुनः एकवार सर्वस्व गेलें. रमाबाईंचें शरीर थकलें होतें, कानांनीं ऐकूं येत नव्हतें. तरी त्यांनीं मुद्रितें हातांत घेतलीं आणि ओळीमागून ओळ तपाशीत राहिल्या. शेवटचीं पृष्ठें संपवून, ५ एप्रिल १९२२ रोजीं, झोंपेंतच त्या ख्रिस्तवासी झाल्या. तो ग्रंथ १९२४ सालीं छापून पूर्ण झाला.

सिल्चरच्या त्या लहानशा पुस्तकाच्या शेवटल्या अध्यायांत अम्माऊसच्या वाटेवरची कथा आहे. दोन शिष्य खिन्न मुद्रेनें चालले असतां पुनरुत्थित प्रभु त्यांस गांठतो. त्यांच्या दुःखाबद्दल तो त्यांस दूर लोटीत नाहीं. आधीं त्यांच्याबरोबर चालतो, त्यांचें सर्व ऐकून घेतो, मग शास्त्र उलगडून सांगतो, आणि शेवटीं भाकर मोडतांना ओळख देतो. रमाबाईंचें सर्व जीवित ह्याच वाटेवरचें होतें. त्यांस शास्त्र मिळालें तसेच सोबतीही मिळाले, आणि दोन्ही एकाच प्रभूनें पाठविले.

म्हणून आपल्यापैकीं ज्याचें मन आज काळवंडलें असेल त्यानें एकट्यानें चालूं नये. आपल्या धर्मगुरूपाशीं, विश्वासू आप्तापाशीं मन मोकळें करावें. वैद्याची गरज असेल तर संकोच न धरतां वैद्याकडे जावें, कारण संत लूक हाही वैद्यच होता, अशी आपली परंपरा सांगते. पुष्कळ वाचवत नसेल तर रोज एखादें स्तोत्र किंवा शुभवर्तमानांतला एक लहानसा उतारा वाचावा, आणि फळाची घाई करूं नये. बीं आपल्या वेळेनें उगवतें. आणि ज्यांस देवानें बळ दिलें आहे त्यांनीं शेजारच्या दारामागें कोणी मुकाट्यानें रडत नाहीं ना, ह्याची चौकशी करावी. रात्रभर नुसतें जवळ निजणें हीसुद्धां सेवाच आहे. दुःखितांची माता पवित्र मारिया आपणां सर्वांसाठीं विनंती करो, आणि हें ज्युबिलीचें वर्ष आपल्या धर्मग्रामांतल्या प्रत्येक खिन्न घरांत प्रभूच्या शांतीचा दिवा लावो.