दादासाहेब फाळक्यांची रिळं आणि आपल्या घरातला नॅस

एव्हरशाईन सिटीतून सकाळी शेअर रिक्षा पकडायची, वसई रोडला लोकलमध्ये शिरायचं आणि दादरला उतरायचं. तुमच्यापैकी कित्येकांचा हा रोजचा प्रवास असेल. दादर पूर्वेला बाहेर पडलं की जवळच दादासाहेब फाळके रोड आहे. नाव सगळ्यांना माहीत, पुरस्कारही माहीत. पण फाळक्यांचा एक तरी चित्रपट पाहिलाय का, असं विचारलं तर बहुतेक जण गप्प बसतील. त्यात तुमची चूक नाही. या माणसाने सुमारे 95 चित्रपट आणि त्याशिवाय पंचवीसच्या वर लघुपट केले. त्यातले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरलेत आणि तेही बहुतेक तुकड्यांत.

म्हणजे हा सरळसरळ स्टोरेजचा प्रश्न आहे. घरात नॅस घ्यावा का, घेतला तर कसा लावावा, हे बरेच जण विचारतात. म्हणून आज फाळक्यांचं आयुष्य त्याच बाजूने बघू. नॅस म्हणजे काय ते आधी दोन ओळींत सांगतो. राउटरला केबलने जोडलेला, स्वतःचा छोटा प्रोसेसर असलेला हार्ड डिस्कचा डबा. घरातले सगळे फोन आणि लॅपटॉप वायफायवरून त्यात फाइली ठेवू शकतात. महिन्याचं भाडं नाही, पण राखण मात्र आपणच करायची.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म 30 एप्रिल 1870 चा, त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे शास्त्री. त्यांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकवण्याची नोकरी लागली आणि कुटुंब मुंबईला आलं. धुंडिराज जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, मग बडोद्याच्या कलाभवनात. चित्रकला शिकता शिकता फोटोग्राफी, ब्लॉक बनवणं, लिथोग्राफी असं मिळेल ते उचललं. गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला. 1900 च्या सुमारास तिथे प्लेग आला आणि त्यात पहिली बायको आणि मूल गेलं. बडोद्याला परतून पुन्हा स्टुडिओ टाकला, तर कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो अशी अफवा पसरली आणि गिऱ्हाईक येईना. मग नाटकांचे पडदे रंगवले. जादूचे प्रयोगही केले, तेही फाळके हे नाव उलटं करून, प्रोफेसर केल्फा म्हणून! 1902 मध्ये दुसरं लग्न झालं. या सरस्वतीबाई पुढे या कथेतल्या निम्म्या कामाच्या धनी आहेत.

1903 पासून काही वर्षं त्यांनी पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समन आणि फोटोग्राफर म्हणून नोकरी केली. ती सोडून लोणावळ्याला छापखाना काढला, तो नंतर दादरला आणला. रंगीत छपाईची यंत्रं आणायला जर्मनीला जाऊन आले. धंदा चांगला चालला होता, पण भागीदारांशी पटलं नाही आणि ते बाहेर पडले. वय चाळीस, हातात काहीच नाही.

एप्रिल 1911 मध्ये गिरगावातल्या तंबूत त्यांनी मुलाबरोबर प्राण्यांचा एक चित्रपट पाहिला. दुसऱ्या दिवशी सरस्वतीबाईंना घेऊन पुन्हा गेले. ईस्टरचे दिवस होते, येशूच्या जीवनावरचा चित्रपट लागला होता. तो बघताना राम आणि कृष्ण पडद्यावर का नसावेत, हे त्यांच्या डोक्यात बसलं ते बसलंच. मिळतील ते चित्रपट रोज चार-पाच तास पाहायचे, उरलेल्या वेळेत प्रयोग करायचे, झोप नाही. शेवटी काही काळ दिसायचंच बंद झालं. डॉक्टरांच्या उपचारांनी दृष्टी परत आली. विमा पॉलिसी गहाण टाकून फेब्रुवारी 1912 मध्ये ते लंडनला गेले. ओळख ना पाळख, सरळ ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या संपादकाच्या कचेरीत जाऊन उभे राहिले. त्याने सेसिल हेपवर्थ या निर्मात्याच्या स्टुडिओत पाठवलं. तिथे काम शिकून, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मला छिद्रं पाडायचं यंत्र घेऊन ते एप्रिलमध्ये परतले.

पैसे लावणाऱ्यांना पटवायला त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले आणि समोर कॅमेरा एका जागी रोवून महिनाभर एकेक फ्रेम टिपत राहिले. पडद्यावर बी भराभर वाढताना दिसलं. आज फोनमध्ये टाइमलॅप्सचं बटण दाबतो ना, तेच, फक्त हाताने.

घरातला कारखाना

‘राजा हरिश्चंद्र’ खऱ्या अर्थाने घरात तयार झाला. कोरी फिल्म छिद्रांशिवाय यायची. रात्री अंधाऱ्या खोलीत बसून सरस्वतीबाई ती छिद्रं पाडायच्या. हिशोब करून बघा. एका फुटात 16 फ्रेम, प्रत्येक फ्रेमला एका कडेला चार छिद्रं. तयार चित्रपट 3,700 फुटांचा. म्हणजे सुमारे 59 हजार फ्रेम आणि एकाच कडेला दोन लाख छत्तीस हजारांवर छिद्रं! शूटिंगमध्ये वाया गेलेली फिल्म यात धरलेली नाही. शिवाय रसायनं कालवणं, उन्हात पांढरी चादर धरून प्रकाश वळवणं आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक. तारामतीचं काम करायला बाई मिळेना, म्हणून साळुंके नावाच्या तरुणाने ते केलं. सहा महिने सत्तावीस दिवसांनी काम संपलं. 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये चित्रपट लागला आणि चालला.

त्या वर्षीच फाळके नाशिकला गेले. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला या दोघी पडद्यावर आल्या. मग पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि पैसा आटला. 1917 च्या ‘लंका दहन’ने पुन्हा तिकीटबारीवर गर्दी केली.

आता आपल्या मुद्द्याचं. त्या काळची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची. ती पेटली तर पाण्याखालीही जळत राहते, कारण लागणारा ऑक्सिजन तिच्यातच असतो. पेटली नाही तरी उष्ण, दमट हवेत आपोआप कुजते. आधी चिकट होते, मग तिची पूड होते. प्रती गावोगाव फिरायच्या, प्रोजेक्टरवर घासायच्या, तुटायच्या. ‘राजा हरिश्चंद्र’च्या मूळ प्रतीचं असंच झालं आणि 1917 मध्ये फाळक्यांना तो पुन्हा चित्रित करावा लागला. आज आपण जो पाहतो तो बहुधा हा दुसरा. त्यातलंही पहिलं आणि शेवटचं रीळच उरलंय, साधारण 1,475 फूट.

इथे दोन डिस्कच्या नॅसची गोष्ट सांगायलाच हवी, कारण नव्वद टक्के गोंधळ इथेच होतो असं माझं मत आहे. दोन खणांचा नॅस घेतलात, 4 टीबीच्या दोन डिस्क घातल्यात आणि मिरर म्हणजे रेड वन निवडलंत, तर जागा 4 टीबीच मिळते. दोन्ही डिस्कवर तेच लिहिलं जातं. एक डिस्क मेली तर दुसरीवर काम चालू राहतं. छान. पण चुकून फोल्डर उडवलंत तर तो दोन्हीकडून त्याच क्षणी उडतो. चोराने डबा उचलला, पाणी शिरलं, विजेचा झटका बसला, तर दोन्ही एकदमच जातात. एकाच बैलगाडीत दोन प्रती ठेवण्यासारखं ते. मिरर हा बॅकअप नाही. 2018 च्या जुलैत वसई-विरारमध्ये पाणी भरलं, लोकल बंद पडल्या, अनेक भागांत वीज नव्हती, हे एव्हरशाईनमधल्या तळमजल्यावाल्यांना वेगळं सांगायला नको.

जोडणी तशी सोपी आहे. डिस्क नॅससाठी बनवलेल्या घ्या, त्या चोवीस तास फिरायला केलेल्या असतात. डबा राउटरच्या लॅन पोर्टला केबलने जोडा, वायफायवर भरवसा ठेवू नका. गिगाबिट पोर्टवर सेकंदाला शंभर एमबीच्या आसपास वेग मिळतो. जमिनीवर ठेवू नका, कपाटाच्या वरच्या खणात हवा खेळेल असा ठेवा. लॅपटॉपच्या ब्राउझरमधून सेटअप होतो. ॲडमिनचं खातं वेगळं ठेवा, घरातल्या प्रत्येकाला आपापलं खातं द्या, टू-फॅक्टर चालू करा. मग फोनवर कंपनीचं ॲप टाकून फोटोंचं ऑटो बॅकअप लावा. स्नॅपशॉटची सोय असेल तर रोजचा एक स्नॅपशॉट लावाच, उडवलेला फोल्डर त्यातून परत येतो. यूपीएस घ्या आणि त्याची यूएसबी केबल नॅसला जोडा. वीज गेली आणि बॅटरी संपत आली की नॅस स्वतःहून नीट बंद होतो. बजेट नसेल तर जुन्या लॅपटॉपवर ओपनमीडियाव्हॉल्ट टाकूनही सुरुवात करता येते.

बाहेरून, म्हणजे लोकलमध्ये बसून घरचे फोटो बघायचे असतील तर राउटरमध्ये पोर्ट उघडू नका. 2022 च्या जानेवारीत डेडबोल्ट नावाच्या रॅन्समवेअरने इंटरनेटवर उघडे असलेले क्यूनॅपचे डबे गाठून लोकांच्या फाइली कुलूपबंद केल्या होत्या. आपल्याकडे अनेक कंपन्यांच्या ब्रॉडबँडला स्वतःचा वेगळा पब्लिक आयपी मिळतच नाही, त्यामुळे पोर्ट उघडून बहुतेकदा उपयोगही होत नाही. टेलस्केलसारखं व्हीपीएन वापरा.

कोणाची रिळं?

1918 मध्ये भांडवलदारांना घेऊन हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी झाली. पैशांची चिंता मिटली, पण चित्रपट आता कंपनीचे झाले. ‘श्रीकृष्ण जन्म’ आणि 1919 चा ‘कालिया मर्दन’ याच काळातले. दोन्हींत कृष्ण झाली ती त्यांची छोटी मुलगी मंदाकिनी. मग भागीदारांशी पुन्हा खटके उडाले. फाळके सगळं सोडून काशीला गेले, तिथे ‘रंगभूमी’ नाटक लिहिलं, काही वर्षांनी परतले आणि पगारावर काम करू लागले. ती उमेद परत आली नाही. बोलपट आले. ‘सेतुबंधन’ मूक म्हणून बनला आणि त्याला मागाहून आवाज जोडावा लागला. 1937 मध्ये कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला ‘गंगावतरण’ हा शेवटचा. 16 फेब्रुवारी 1944 रोजी नाशिकला ते गेले, तेव्हा इंडस्ट्री त्यांना जवळजवळ विसरली होती.

मूकपट जुने झाले की त्यांना बाजारात किंमत नसायची. फिल्मवरची चांदी काढून घ्यायला रिळं विकली जायची, बाकीची गोदामात कुजायची. जपून ठेवणं हे कोणाचंच काम नव्हतं. तुमच्या शाळेचे आणि लग्नकार्याचे फोटो आज कुठल्या खात्यात आहेत, त्या खात्याचा पासवर्ड कोणाकडे आहे आणि भाडं भरायचं थांबलं तर काय होईल, हा प्रश्न तसाच आहे. नॅस घेण्याचं खरं कारण मला हेच वाटतं. वेग आणि पैशांची बचत नंतर.

फेब्रुवारी 1964 मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. तिथले पी. के. नायर नाशिकला फाळके कुटुंबाकडे गेले आणि घरात राहिलेले रिळांचे तुकडे घेऊन आले. ‘कालिया मर्दन’चे तुकडे कोणत्या क्रमाने जोडायचे हा पेच होता. तो फाळक्यांच्या स्वतःच्या नोंदवहीमुळे सुटला, त्यात शॉटचा क्रम लिहिलेला होता. म्हणून सांगतो, नॅसवर फोटो टाकताना वर्ष आणि प्रसंग अशी फोल्डरं करा. ‘नवीन फोल्डर 7’ आणखी तीस वर्षांनी कोणाला कळणार?

आणि मग जानेवारी 2003. पुण्यातल्या नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली, अनेक जुनी मूळ रिळं गेली. ज्यांच्या प्रती आधीच न पेटणाऱ्या सेफ्टी फिल्मवर उतरवून दुसरीकडे ठेवल्या होत्या, ते चित्रपट राहिले. फाळक्यांचं आज जे दिसतं ते अशा प्रतींमुळेच.

म्हणून नॅस लावून झाला की एक काम उरतं. एक साधी यूएसबी हार्ड डिस्क घ्या, नॅसवरचं सगळं तिच्यावर उतरवा आणि ती घरात ठेवू नका. नाशिकच्या काकांकडे, पुण्याच्या मावशीकडे, कुठेही. दर दोन-तीन महिन्यांनी जाणं होईल तेव्हा ताजी करून परत ठेवा. पासवर्ड लावून एन्क्रिप्ट केलीत की काकांनाही काळजी नको. नेटवरून क्लाउडला पाठवणार असाल तर हिशोब असा: 500 जीबी डेटा आणि 50 एमबीपीएसचा अपलोड असेल तर पहिल्या वेळी 22 तासांच्या वर लागतील. पुढे फक्त नवीन फाइली जातात. महिन्यातून एकदा त्या प्रतीतला कुठलाही एक व्हिडिओ उघडून बघा. उघडला तरच ती प्रत.

‘कालिया मर्दन’ इंटरनेटवर सापडतो. सुरुवातीलाच छोटी मंदाकिनी कॅमेऱ्यासमोर एकामागून एक चेहऱ्याचे भाव करून दाखवते आणि मग बघता बघता तिचा कृष्ण होतो. वसई रोड ते दादर या प्रवासात निम्म्याहून जास्त बघून होईल.